चार मित्र, एक हायलक्स आणि चार हजार किलोमीटर : नामिबिया-बोट्सवाना स्वतः गाडी चालवत फिरायचं असेल तर

आफ्रिकेत गाडीने फिरून आलो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न सिंहाचा असतो. सिंह आम्हाला दोनदा दिसला, तोही लांबून, झोपलेला. पंक्चर मात्र तीनदा झालं. तेव्हा हा लेख सिंहाबद्दल कमी आणि टायरबद्दल जास्त आहे.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र, सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे. कोकणात, कर्नाटकात, एकदा स्पितीत गाडी घेऊन गेलेलो, त्यामुळे गाडी चालवण्याचा आत्मविश्वास भरपूर. तिथं गेल्यावर कळलं की आपल्या बऱ्याच सवयी तिथं उलट्या पडतात. आपण कोकणात जाताना 'रात्री जेवून निघू, ट्रॅफिक नसतं, पहाटे पोचू' असं म्हणतो ना? तिथं हेच सर्वांत धोक्याचं. त्यामुळे खाली जे काही सांगतोय त्यातलं निम्मं एकाच गोष्टीभोवती फिरतं : सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचणं.

१. मार्ग ठरवा, आणि तो लहान ठेवा

'आफ्रिका' हा एक देश असल्यासारखा बेत आखू नका. कैरो ते केपटाऊन वगैरे स्वप्नं पुढच्या वेळी. पहिल्यांदा जात असाल तर नामिबिया आणि बोट्सवाना हे दोन देश पुरेत. दोन्हीकडे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक असते, पाट्या इंग्रजीत असतात आणि तंबू लावलेल्या गाड्या भाड्याने सहज मिळतात.

आम्ही केलेली फेरी अशी : विंडहोक, सेसरियम (सोसुसव्लेईच्या लाल टेकड्या), स्वाकोपमुंड, श्पित्सकोपे, इटोशा (नामिबियातलं मोठं अभयारण्य), रुंडू, डिवुंडू, काटिमा मुलिलो, एन्गोमाच्या नाक्यावरून बोट्सवानातलं कासाने, मग नाटा, माउन, घांझी आणि मामुनोच्या नाक्यावरून परत विंडहोक. अठरा दिवस, सुमारे ४,००० किमी. आता पुन्हा गेलो तर एकवीस दिवस घेईन.

अंतराचा अंदाज येण्यासाठी एवढंच लक्षात ठेवा : नामिबिया सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. लोकसंख्या २०२३च्या जनगणनेनुसार तीस लाखांच्या आसपास, एकट्या पुणे शहरापेक्षा कमी. रस्त्यावर तास-तासभर समोरून गाडी येत नाही. बिघाड झाला तर मदतीलाही तेवढाच वेळ लागतो.

मोसम मे ते ऑक्टोबर. हा तिथला कोरडा काळ. जून-जुलैत वाळवंटात रात्री पाणी गोठेल इतकी थंडी पडते, ऑक्टोबरात भाजून निघतं. आम्ही ऑगस्ट निवडला आणि गणपतीच्या आत घरी आलो. पाणवठे आटत चाललेले असल्यामुळे प्राणी उरलेल्या पाण्यावर गोळा होतात, म्हणून इटोशासाठी ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम.

२. माणसं ठरवा (हे मार्गापेक्षा अवघड)

चार हा आकडा बरा. एक गाडी, टपावर दोन तंबू, प्रत्येक तंबूत दोघं. पाचवा मित्र कितीही जिवाभावाचा असला तरी सामानाला जागा उरत नाही.

निघण्याआधी एका संध्याकाळी बसून तीन गोष्टी बोलून घ्या. गाडी कोण चालवणार : करारावर ज्यांची नावं आहेत त्यांनाच विमा लागू होतो, 'जरा दहा मिनिटं मला दे' चालत नाही. उठायचं किती वाजता : आमच्यातला एक जण साडेआठशिवाय डोळे न उघडणारा, आणि सोसुसव्लेईला पहाटे साडेपाचला निघावं लागतं. आणि पैसे : रोज कॉन्ट्री काढत बसू नका. सुरुवातीला सगळ्यांकडून सारखी रक्कम घेऊन एका खजिनदाराकडे द्या. डिझेल, कॅम्प, किराणा त्यातून. दारू आणि सुव्हेनिअर ज्याचं त्याने.

मागे बसलेल्याने गाडी चालवणाऱ्याला सल्ले द्यायचे नाहीत, हाही नियम आम्ही केला होता. तो दुसऱ्या दिवशी मोडला.

३. कागदपत्रं

हे सगळं मूळ प्रत, दोन झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो, अशा तिन्ही रूपांत ठेवा.

- पासपोर्ट : परतीनंतर किमान सहा महिने वैध आणि भरपूर कोरी पानं. या फेरीत शिक्के धडाधड पडतात.
- आंतरराष्ट्रीय वाहन परवाना : आपल्याच आरटीओकडून मिळतो. फॉर्म ४-ए, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. सोबत मूळ लायसन्स लागतंच, एकटा आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही.
- पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड.
- प्रवास विमा, ज्यात दुर्गम भागातून विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे असा.
- गाडीचे कागद : भाडेकरार, नोंदणीची प्रत, विम्याची प्रत आणि गाडी दुसऱ्या देशात न्यायची परवानगी देणारं कंपनीचं पत्र. या पत्रात ज्या ज्या देशात जाणार त्यांची नावं, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा पासपोर्ट क्रमांक तंतोतंत हवा. आमच्या पत्रात एक अंक चुकला होता, विंडहोकमध्येच लक्षात आलं म्हणून निभावलं.

व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावरच बघा. पण नियम काहीही असोत, एक सापळा कायम आहे : एकदाच प्रवेश देणारा व्हिसा. वरचा मार्ग पुन्हा वाचा. तुम्ही नामिबियात शिरता, बाहेर पडता आणि परत शिरता. कासानेहून व्हिक्टोरिया धबधबा बघायला झिंबाब्वेत जाऊन आलात तर बोट्सवानातही दोनदा शिरता. म्हणजे दोन्ही देशांसाठी एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा. आम्हाला कॅम्पवर एक जोडपं भेटलं, त्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा निघाला आणि अख्खी बोट्सवानाची फेरी रद्द झाली.

दुसरा सापळा विमानाचा. मुंबईहून विंडहोकला थेट विमान नाही. जोहान्सबर्गमार्गे जाताना दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण तिथं बॅग घ्यायला बाहेर पडावं लागलं तर दक्षिण आफ्रिकेचाही व्हिसा लागतो. एकाच तिकिटावर, बॅग थेट विंडहोकपर्यंत टॅग करून घ्या. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जात असाल तर पिवळ्या तापाचा मुद्दा येतो, कारण इथिओपिया आणि केनिया त्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि ठरलेल्या दिवशीच मिळते. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. वाद घालण्यापेक्षा टोचून घ्या.

मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला. विंडहोक आणि वाळवंटात प्रश्न नसतो, इटोशापासून पुढे कासाने, माउनपर्यंत असू शकतो.

४. गाडी कोणती आणि तिच्यात काय काय

टोयोटा हायलक्स डबल कॅब, फोर बाय फोर, टपावर घडीचे तंबू : या फेरीसाठी हीच नेहमीची गाडी. तिथं पिकअपला 'बक्की' म्हणतात. भाड्यात गॅस, भांडी, खुर्च्या, अंथरूण-पांघरूण आणि बॅटरीवर चालणारा फ्रिज येतो.

बुकिंग करताना या गोष्टी नावानिशी विचारा : दोन स्टेपन्या (एक नव्हे), हवा भरायचा कॉम्प्रेसर, हवा मोजायचं गेज, फावडं, ओढायचा दोर, पाण्याचा वीस लिटरचा कॅन, आणि जॅकखाली ठेवायची फळी. फळीचं कारण पुढे येतंय.

विम्याचा करार बसून वाचा. पूर्ण विमा घेतला तरी टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग त्यात असतोच असं नाही. बहुतेक करारांत दोन वाक्यं असतात : सूर्यास्तानंतर चालवलं तर विमा लागू नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीचा संबंध नसताना गाडी उलटली तर भरपाई नाही किंवा अर्धीच. खडीवर गाड्या उलटतात त्या बहुधा एकट्याच उलटतात. शिवाय गाडीत वेग नोंदवणारं यंत्र असतं. 'आम्ही हळूच होतो' म्हणून उपयोग नाही.

आणखी एक : अनामत रक्कम मुख्य ड्रायव्हरच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवतात. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. कार्डावर परदेशी व्यवहार चालू केलेत ना, हे घरून निघण्याआधी बघा.

५. ताबा घेताना घाई नको

रात्रभराच्या प्रवासाने डोळे चुरचुरत असतात, समोरचा माणूस भराभर दाखवतो आणि आपण 'हो हो' म्हणतो. आम्ही तसंच केलं. दोन्ही स्टेपन्यांकडे नुसतं बघितलं, हवा तपासली नाही. तीनशे किलोमीटरवर कळलं की एकीत निम्मीच हवा आहे.

दीड तास ठेवा. जॅक काढून एकदा गाडी उचला. चाकाचा पाना नटांना बसतो का बघा. तंबू उघडून मिटवा. फोर बाय फोर लावून काढा. काचेवरचा प्रत्येक डाग, टायरची प्रत्येक चीर, सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि तिथंच कंपनीला पाठवा. पहिली रात्र विंडहोकमध्येच काढा. विमानतळ शहरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. उतरल्या उतरल्या वाळवंटाकडे सुटू नका.

६. खडीचा रस्ता

विंडहोकहून सेसरियमला जाताना डांबर संपतं आणि मुरूम-खडी सुरू होते. दिसायला रुंद, सरळ, मोकळा रस्ता. त्यामुळेच माणूस फसतो. कायद्याने १०० ची मुभा असली तरी ८० च्या वर जाऊ नका, कंपन्याही हीच मर्यादा घालतात. खडीवर गाडी बॉलबेअरिंगवर चालल्यासारखी असते. जोरात ब्रेक मारला किंवा स्टिअरिंग झटक्यात वळवलं की मागचा भाग पुढे यायला बघतो, आणि टपावर तंबूंचं वजन असतंच.

रस्त्यावर पन्हाळीच्या पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात. दातांतली कवळी निघेल इतकी गाडी थरथरते. वेग वाढवला की थरथर कमी होते हे खरं, पण तेव्हा चाकं जमिनीला धड टेकतही नसतात. थरथर सोसा.

समोरून गाडी आली की वेग कमी करून डावीकडे सरका. ती गेल्यावर धुळीत काही सेकंद काहीच दिसत नाही. दिवे दिवसाही चालू ठेवा. चढाच्या टोकाला, कोरड्या नदीच्या खळग्यात शिरताना पाय ब्रेकवर.

आणि हवा. सामान भरलेल्या हायलक्ससाठी आम्ही शेवटी असा हिशेब ठेवला : डांबरावर २.२ ते २.४ बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप), खडीवर १.८ ते २, सोसुसव्लेईच्या शेवटच्या पाच किलोमीटर वाळूत १.३ च्या आसपास. वाळूतून बाहेर आलात की तिथंच पुन्हा भरायची. आपल्या गाडीचे आकडे कंपनीकडून लिहून घ्या.

आम्हाला हे शहाणपण सी-१४ या रस्त्यावर आलं. सॉलिटेअर सोडलं, मकरवृत्ताच्या पाटीशी सगळ्यांनी फोटो काढले आणि कुइसेब घाटाच्या अलीकडे मागचा डावा टायर बसला. जॅक लावला, दांडा फिरवला, गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच मुरमात खाली जायला लागला. खजिनदाराने भाजी चिरायची लाकडी पाटी आणून जॅकखाली सरकवली. दोन फेऱ्यांत तिचे दोन तुकडे. भर दुपारी चौघं ते तुकडे बघत उभे. अर्ध्या तासाने एक शेतकरी बक्की घेऊन आला. काही न विचारता त्याने मागून एक जाड फळी काढली, चाक बदलून झाल्यावर खिशातलं गेज काढून उरलेल्या टायरना लावलं. २.६ आकडा बघितला आणि मान हलवली. मग प्रत्येक टायरपाशी उकिडवा बसून त्याने हवा सोडली. फळी परत न्यायला तयार नव्हता. ती पुढे पंधरा दिवस आमच्याबरोबर होती, आणखी दोनदा कामाला आली.

पंक्चर झालेला टायर पुढच्या गावात दुरुस्त केल्याशिवाय पुढे जायचं नाही. एका स्टेपनीवर 'बघू पुढे' करू नका.

७. संध्याकाळचा हिशेब

ऑगस्टात विंडहोकला सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. फेरी पूर्वेकडे सरकते तसं घड्याळ तेच राहतं, पण कासानेला सूर्य सहाच्या थोडं पुढेच बुडतो. जवळजवळ अर्धा तास हातचा जातो, आणि हे कुणी सांगत नाही. आमचा नियम : चार वाजता कॅम्पवर. म्हणजे डांबरावर दिवसाला चारशे, खडीवर तीनशे किलोमीटर, बस्स. मोबाईलचा नकाशा खडीच्या रस्त्याचा जो वेळ दाखवतो त्यात निदान एक तृतीयांश मिळवा. नकाशे आधीच उतरवून ठेवा, कारण गाव सोडलं की रेंज जाते.

अंधारात धोका वाघ-सिंहांचा नाही (वाघ तर तिथं नाहीतच). धोका कुडूचा : दोन-अडीचशे किलोचं हरिण, दिव्यांनी बिचकून थेट काचेवर उडी घेतं. शिवाय गाढवं आणि गुरं. घांझीकडच्या रस्त्यावर गाढवं आपल्याकडच्या म्हशींइतक्याच अधिकाराने उभी असतात, फक्त हॉर्नला दाद देत नाहीत.

डिवुंडूच्या पुढचा रस्ता बवाब्वाता अभयारण्यातून जातो आणि हत्ती डांबरी रस्ता ओलांडतात. थांबा, इंजिन चालू ठेवा, मागे जायला जागा ठेवा, हॉर्न वाजवू नका. कळपातलं शेवटचं पिल्लू गेलं असं वाटलं तरी आणखी दोन मिनिटं थांबा.

८. सीमा ओलांडताना

क्रम सगळीकडे साधारण सारखाच : बाहेर पडणाऱ्या देशाचा शिक्का, गाडीची नोंद, मग पलीकडे शिरणाऱ्या देशाचा शिक्का, गाडीचे कागद, शुल्क, फाटकावर शेवटची पावती. प्रत्येक पावती जपा, पुढच्या फाटकावर तीच मागतात. बोट्सवानात शिरताना रस्ता शुल्क आणि त्यांचा थर्ड पार्टी विमा भरावा लागतो. एन्गोमासारखे छोटे नाके संध्याकाळी बंद होतात आणि तिथून कासानेचा रस्ता चोबे अभयारण्यातून जातो, म्हणून दुपारी दोनच्या आत नाक्यावर पोचा.

कच्चं मांस आणि दूध नेता येत नाही, गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगामुळे. बुटांचे तळवे औषधाच्या फडक्यावर टेकवायला लावतात, आणि फक्त पायातले नाहीत. आम्हाला बॅगांच्या तळाशी कोंबलेले सगळे बूट-चपला काढायला लावल्या. ते जोड एका वेगळ्या पिशवीत वर ठेवा. असे थांबे बोट्सवानाच्या आतही लागतात.

खिडकीतून थेट कागद पुढे करायची आपली सवय तिथं उद्धट वाटते. आधी विचारपूस, मग काम. बोट्सवानात पुरुषाला 'दुमेला रा' आणि बाईला 'दुमेला मा' म्हणा. आपल्या गावाकडच्या राम रामसारखंच आहे. काम किती सोपं होतं ते बघा.

व्हिक्टोरिया धबधब्यासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे : गाडी झिंबाब्वेत नेऊ नका. तात्पुरती आयात, कार्बन कर, विमा, रस्ता शुल्क, एका दिवसासाठी एवढी कागदं नकोत. गाडी कासानेच्या कॅम्पवर ठेवा, तिथून ऐंशी किलोमीटरवर धबधबा आहे, सहलीच्या गाड्या रोज जातात. झांबियाच्या बाजूने बघायचा असेल तर २०२१ साली खुला झालेला काझुंगुला पूल आहे, त्याआधी तिथं तराफ्यावरून गाड्या न्यायला लागायच्या.

९. मुक्काम आणि पोटपूजा

इटोशाच्या आतले आणि सेसरियमचे कॅम्प महिनोन्महिने आधी भरतात, विमानाच्या तिकिटाबरोबरच तेही करा. सेसरियमला फाटकाच्या आतल्या कॅम्पवर राहणाऱ्यांना इतरांपेक्षा तासभर आधी सोडतात. तिथून डांबरी साठ किलोमीटर आहेत, त्यामुळे टेकडीवर सूर्योदय हवा असेल तर आतलाच कॅम्प घ्या. इटोशात ओकाउकुएओ घ्या, पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. रात्री साडेअकराला, गोधडी गुंडाळून बाकावर बसलेले आम्ही, आणि समोर तीन गेंडे एकमेकांकडे ढुंकूनही न बघता पाणी पीत होते. चौघांपैकी कुणी अर्धा तास बोललं नाही. हे आमच्यात फार क्वचित होतं.

तंबूत शिरताना बूट गाडीच्या आत. कोल्हे पळवतात. फळं कधीही बाहेर किंवा तंबूत ठेवू नका, माकडं आणि हत्ती दोघांनाही वास येतो.

किराणा विंडहोक, स्वाकोपमुंड, रुंडू, कासाने आणि माउनला भरा. तांदूळ, डाळी, कांदे-बटाटे सगळं मिळतं. घरून गोडा मसाला, हिंग, मेतकूट, चटण्या आणि भाजणी न्या, बाकी वजन उचलू नका. तिथलं मक्याचं पांढरं पीठ स्वस्त आणि सगळीकडे असतं. आंबट दुधाचे डबेही मिळतात. लसूण-मिरचीची फोडणी देऊन या दोन्हींची उकड केली, तर आमच्यातला सर्वांत चिकित्सक जेवणारा दोनदा वाढून घेऊन गेला. नामिबियात रविवारी सुपरमार्केटात दारू मिळत नाही, ज्यांना गरज असेल त्यांनी शनिवारी सकाळी जाऊन या.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, पिण्या-रांधण्याचं मिळून.

१०. पैसे आणि डिझेल

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकास एक आहे, नामिबियात दोन्ही चालतात. उलट मात्र नाही, म्हणून उरलेले नामिबियन डॉलर परत येताना जोहान्सबर्गला उपयोगी पडत नाहीत. बोट्सवानात पुला. या शब्दाचा अर्थ पाऊस, कोरड्या देशाने चलनाला दुसरं काय नाव द्यावं! झिंबाब्वेच्या दिवसासाठी लहान नोटांचे अमेरिकी डॉलर, सुट्टे मिळत नाहीत.

टपावरच्या तंबूंसकट गाडी शंभर किलोमीटरला दहा ते बारा लिटर डिझेल खाते, म्हणजे अख्ख्या फेरीला साडेचारशे लिटरच्या आसपास धरा. टाकी ऐंशी लिटरची. पंप दिसला की भरायची, टाकी पाऊण असली तरी. छोट्या पंपांवर कार्ड मशिन बंद असतं, तेवढी रोख गाडीत ठेवा.

११. गाडी परत देताना

शेवटची रात्र पुन्हा विंडहोकमध्ये. गाडी धुऊन द्या, नाहीतर तपासणीत धुळीखालचा प्रत्येक ओरखडा नवा ठरतो. टाकी भरल्याची पावती, पंक्चर काढल्याच्या पावत्या आणि पहिल्या दिवशीचा व्हिडिओ हाताशी ठेवा. आमच्या काचेवर टिचल्याच्या दोन खुणा होत्या, त्यातली एक आधीचीच. व्हिडिओ दाखवल्यावर एकीचेच पैसे कापले. अनामत रक्कम परत यायला पंधरा-वीस दिवस लागले, तेवढा उशीर धरून ठेवा.

ती फळी आम्ही गाडीतच, मागच्या सीटखाली ठेवून आलो.